अकरा महिन्यांचं घर

माझा कॉम्प्युटर क्लास बुडाला तेव्हा बाबांचं घरही बुडालं. सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून त्यांनी विश्रांतवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. तो माझ्या कर्जाला तारण होता. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, आपणही काढावा, एवढीच माझी अक्कल. कोर्टानं मला नादार ठरवलं आणि बँकेनं फ्लॅट विकला. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

त्यांनी फक्त शपथ घातली. घरातल्या बुद्धाच्या लहानशा मूर्तीसमोर मला बसवलं आणि म्हणाले, "यापुढं उधारीवर काही आणायचं नाही. साधी टाचणीसुद्धा नाही."

ती मी पाळली. आम्ही दोघं भाड्याची घरं बदलत राहिलो. करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपत आला की प्रत्येक मालकाचा कोणी ना कोणी भाचा पुण्यात राहायला येणार असायचा. एवढे भाचे आहेत तरी कुठे, देव जाणे. तिसऱ्या घरापासून बाबांनी आपल्या ट्रंकेची सुतळी सोडणंच बंद केलं. "परत बांधायचीच आहे," म्हणायचे. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांना एकदा हक्काच्या घरात न्यायचं, दुसरं काही मला नको होतं.

खराडीत नोकरी लागली, पगार बरा झाला. नादारीतून मुक्त केल्याचा कोर्टाचा कागद घेऊन मी बँकेत गेले. साहेबांनी तो वाचला.

"हे जुनं झालं, चालेल. पण त्यानंतर तुम्ही एकही कर्ज घेतलेलं नाही."

"एक पैसा उसना घेतला नाही, साहेब," मी ताठ मानेनं सांगितलं.

"तेच तर. तुम्ही फेडता की नाही, हे आम्हाला कळावं कसं?"

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल, फ्रिज घेऊ. हप्त्यावर." घरात फ्रिज होताच. "शपथ मी घातली होती, मीच सोडवतो," एवढंच म्हणाले. दुकानात सही करताना माझ्याऐवजी त्यांचाच चेहरा पडला होता.

पुढं दर महिन्याला, तारखेच्या आठवडाभर आधीपासून, "भरलास का गं?" फ्रिज फिटला, मग वॉशिंग मशीन फिटलं. तोवर बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी जुन्या घरांचे पत्ते विसरले, मग आई गेल्याचंही विसरले. पण हप्ता विसरले नाहीत.

शेवटी कर्ज मंजूर झालं. वाघोलीत एक खोली-स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी मूर्ती ठेवली, वंदना घेतली आणि मी ट्रंकेची सुतळी सोडायला बसले. बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे. अकरा महिन्यांनी उठवेलच तो."

"बाबा, हे आपलं घर आहे."

ते माझी समजूत काढावी तसं हसले. "बरं. भाडं भरतेस ना वेळेवर?"

"भरते, बाबा."

सुटत आलेली गाठ मी पुन्हा घट्ट बांधली.