डोंगरात थांबणारी गाडी

मंडळी, आज शुक्रवार पेठेतल्या घरी गणपतीपुढची आरास सुरू केली.

कागदी डोंगराच्या बोगद्यात किल्लीची आगगाडी शिरते आणि आतच थांबते. दुसऱ्या तोंडातून तशीच दुसरी निघते. बघणाऱ्याला एकच वाटते. एक मी रंगवली होती, दुसरी धाकट्या भावाने. तो उन्हाळ्यात तापाने गेला.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "आरं, ही तुझी हाय. त्याची कुटं हाय?"

"आत थांबलीय."

"मग काढ की तिला भाईर."

मी गाड्यांची अदलाबदल केली. त्याची बाहेर आली. आई बघत राहिली, मग म्हणाली, "आता तू आत ऱ्हायलास की."

मला ते नाकारता येईना. तो गेल्यापासून मी रडलेलोही नाही. तुमच्यापैकी कोणी असे आत राहिले होते का? बाहेर कसे आलात?