तिसऱ्या मजल्यावरचे शेतकरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक शेतकरी राहतात. बुटाला जरा चिखल लागला तरी वॉचमनवर ओरडतात. गावची जमीन यांच्या नावावर, राबते ती विधवा वहिनी. शेतकऱ्यांसाठीचा सरकारी हप्ता मात्र बिनचूक यांच्याच खात्यात येतो. मेसेज आला की मला लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, "आम्हा शेतकऱ्यांचं कोण बघतं हो?"

परवा वहिनी नव्या तांदळाची गोणी घेऊन आल्या. वर चढवायला मी हात दिला. यांनी मूठभर तांदूळ हुंगून नाक मुरडलं, "यंदा कणी जास्त आहे."

दारातच बसलेल्या वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, ते सरकारचे पैसे आमका कधी गावतले?"

"अहो वहिनी," हे अगदी समजुतीनं म्हणाले, "ते फक्त शेतकऱ्यांना मिळतात."