जातानाची चाल आणि येतानाची

गास गावातल्या आमच्या वाडीतली भाजी डोक्यावर घेऊन मी रोज सकाळी नाक्यावर विकायला बसायला जायचे. मागच्या पावसाळ्यानंतर बांधावरून उतरताना पडले, टोपलीसकट. मेथी वाचली, पण मुलाने पाहिलं. त्याने ठरवून टाकलं, आता नाक्यावर जाणं बंद. मी ऐकेना. शेवटी तो म्हणाला, गावच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची चाल तपासणार आहेत, तिथली डॉक्टरीण सांगेल ते दोघांनी ऐकायचं. मी कबूल झाले. चालायचंच तर होतं.

हॉलमध्ये लांब चटई अंथरलेली. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. मोबाइल माझ्या पायांवर रोखून ती म्हणाली, "आजी, रोज चालता तशा चाला."

"जाताना की येताना?"

तिला कळलं नाही. म्हणाली, आधी जाताना दाखवा. मी निघाले. मान ताठ, उजवा हात वर, पावलं एकापुढे एक, बांधावरून टाकावीत तशी. टोपली घरी होती, पण जातानाची चाल टोपलीचीच, ती दुसरी कुठून आणू? मागे वळले तर डॉक्टरीण गंभीर आणि मुलगा पांढराफटक. ती त्याला हळूच विचारत होती, यांचा हात असा कधीपासून वर राहतो, झोपेतही राहतो का, मेंदूचा फोटो काढलाय का. मुलाने खुर्ची धरली.

"पोरी, त्या हातात टोपली आहे," मी म्हटलं.

रांगेतल्या बायका खिदळल्या. डॉक्टरीणही हसली आणि म्हणाली, बरं, उतरवा. मी उतरवली आणि येतानाची चाल दाखवली. रिकामं डोकं, हात खाली, घाई नाही.

मग तिने दोन्ही चाली मोबाइलवर दाखवल्या. जाताना मी बरी दिसत होते. येताना डावा पाय मागे राहत होता. पाऊल आखूड पडत होतं, टाच घासत होती आणि सगळं अंग उजवीकडे कलत होतं. मी चालताना कशी दिसते ते मला कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

"ही बाई परत पडणार," मी म्हटलं.

"बघ," मुलगा म्हणाला. एवढा खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

पण डॉक्टरीण म्हणाली, घरी बसवलंत तर पाय आणखी बिघडेल. नाक्यावर रोज जायचं. हातात काठी घ्यायची, खुर्ची धरून पायाचे व्यायाम करायचे. डोक्यावर मात्र काही नाही.

मुलाने विचारलं, मग टोपली कोण नेणार? तिने त्याच्या हातातल्या स्कूटरच्या किल्लीकडे बोट दाखवलं.

आता कामावर जायच्या आधी तो टोपली स्कूटरवर नेतो आणि मी येईपर्यंत तिथे उभा राहतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं की वाट्टेल तो भाव सांगतो आणि कोथिंबीर फुकट देतो. त्यामुळे मला काठी टेकत भरभर जावं लागतं. डावा पाय पूर्वीपेक्षा बरा उचलतो.