रवळू अण्णा आणि दुसरी फट

बेळगावातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये रवळू अण्णांनी अटेंडंट म्हणून एकतीस वर्षं काढली, पण त्यांच्या हातून काचेची साधी नळी कधी फुटली नाही. "रवळूऽ, आण की रे लवकर," असं नाकात बोलणारे कितीक सर आले नि बदलून गेले, अण्णा तिथंच. शुक्रवारी रिटायर व्हायचं आणि 'काही न फोडणारा' हे नाव घेऊन आपल्या गावी, बेळगुंदीला जायचं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि बुधवारी नवं मशीन बिघडलं.

मशीन म्हणजे लांब काळी पेटी. एका टोकाला मिणमिणता दिवा, मधे दोन बारीक फटी, दुसऱ्या टोकाला प्रकाशाचा एकेक कण मोजणारा डोळा. कण आला की टक्. "फटी उघडतात का तेवढं बघा," असं फिजिक्सच्या प्रियदर्शनी मॅडम सांगून गेल्या होत्या. अण्णांनी डोळा जरा सरकवला, एक फट उघडली. टक् टक् टक्. ती झाकून दुसरी उघडली. तेवढंच टक् टक्. मग दोन्ही उघडल्या.

मशीन गप्प. मधूनच एखादं चुकार टक्.

शेताच्या पाटाची माती सारून एक दार मोडलं तर पाणी येतं, दोन मोडली तर दुप्पट येतं. आटतं कसं? प्लग बघितला, वायर बघितली. झाकण लावून गुमान बसलं, तर शुक्रवारपर्यंत कुणाला कळणार होतं? त्यांनी झाकण तसंच बाजूला ठेवलं. मग स्टाफरूमकडे गेले.

"म्याडम, माझ्या हातनं मशीन गेलं."

"काय पाडलंत?"

"पाडलं न्हाय. दुसरी फट उघडली."

मॅडमनी येऊन स्वतः उघडझाप केली आणि हसल्या. "अण्णा, बिघडलं नाही. डोळ्याची ही नेमकी जागा शोधायला पोरांना दोन-दोन तास लागतात. कण एकेकटाच येतो, पण दोन्ही फटींतून लाटेसारखा पसरतो. इथं त्या लाटा एकमेकींना मारतात."

"एकटाच असून?"

"एकटाच असून."

"मग कुठल्या फटीतनं गेला, ते बघायचं की."

"बघायची सोय केली की हा खेळच मोडतो. दोन्हीकडचं टक् टक् सुरू."

"असं का हो?"

"पीएचडी झाली अण्णा, पण तिथं मी पण गप्पच."

"म्हंजे मशीनगत," अण्णा म्हणाले.

शुक्रवारी शाल मिळाली. 'एकतीस वर्षांत एक नळी नाही' हे प्रिन्सिपॉल दोनदा म्हणाले. अण्णांचं लक्ष लॅबच्या दाराकडं होतं.

सोमवारी बेळगुंदीत कोबीला पाणी पाजताना त्यांनी पाटाचं दुसरं दार मोडलं आणि बघत राहिले.

"काय बघताय एवढं?" त्यांच्या बायकोनं, नागुबाईंनी विचारलं.

"पाणी वाढलं."

"मग काय आटायचं हुतं व्हय?"

"आटतंय एकेका जागी," अण्णा म्हणाले आणि खोरं टेकवून बांधावर बसले.