अबोली सोडून सगळं

चंद्रहास काका वापरलेली चहाची पूड खतासाठी धुऊन वाळवायचे. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसायचे आणि मग तेच बोट सदऱ्याला पुसायचे. गच्चीचा जिना चढताना मोठ्यानं खोकायचे, कबुतरांना आधी कळावं म्हणून. मला ‘साहित्यवाली’ म्हणायचे. आणि प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी खोचायचे. काडीवर झाडाचं नाव नसायचं. ज्यानं फांदी दिली त्याचं नाव आणि दिल्याची तारीख असायची.

त्यामुळे त्यांच्या गच्चीवर जास्वंद नव्हती, ‘मालिनी’ होती. “मालिनीला आज पाणी नको, फार माजलीय,” असं ते खुद्द मालिनीदीदींसमोर म्हणायचे. दीदी आमच्याच कॉलनीतल्या, मूळच्या लखनौच्या. मराठी कळत नसे, पण आपलं नाव कळायचं. “क्या बोला काकाजी ने?” त्या मला विचारायच्या. मी सांगायचे नाही.

काका लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावरून वायुदलातून निवृत्त झाले आणि शहरात इंदिरा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. मी साहित्यात एम.ए. झाले होते. नोकरी नव्हती. गच्चीवर जायला वेळ होता.

कॉलनीतल्या बागवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. दर रविवारी सकाळी ज्याच्याकडे जे फुललं त्याचा फोटो टाकायचा. डिसेंबरात गुलदाउदी म्हणजे आपली शेवंती, फेब्रुवारीत पिटुनिया, मेमध्ये बेला म्हणजे मोगरा, ऑक्टोबरात प्राजक्त. काकांनी ग्रुपला एक नियम घालून दिला होता. जे आपल्याकडे आहे ते निदान एका घरी द्यायचं.

“आपलं मेलं तर मागायला एक दार हवं,” ते म्हणायचे. मालिनीदीदींची जास्वंद दोन हिवाळ्यांत मेली. दोन्ही वेळा ती काकांच्या गच्चीवरून परत गेली.

फक्त अबोली त्यांनी कुणाला दिली नव्हती. ती चारुलता काकूंची. काकूंनी ती सावंतवाडीहून, माहेराहून आणली होती. प्रत्येक बदलीत ती रेल्वेत त्यांच्या मांडीवर बसून गेली. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. अबोली राहिली.

“काका, एक टहनी दे दीजिए न,” मी म्हणायचे.

“मराठीत माग, मग बघू.”

“एक फांदी द्या ना, काका.”

“पुढच्या पावसाळ्यात.”

असे तीन पावसाळे गेले.

यंदाच्या जानेवारीत बारा दिवस ऊन पडलं नाही. काकांनी अबोली झोपायच्या खोलीत घेतली. हीटरजवळ ठेवली. पानं गळू लागली. त्यांना वाटलं, तहानली. त्यांनी पाणी घातलं. आणखी पानं गळली. आणखी पाणी घातलं. झाडं तहानेपेक्षा पाण्यानं जास्त मरतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. बोट मातीत खुपसून बघायला ते त्या एकाच कुंडीत विसरले.

मला हाक मारली तेव्हा त्यांनी झाड उपटून वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. मुळं काळी पडली होती. हात लावला की त्यांची साल निसटत होती.

“वास बघ,” ते म्हणाले. मी बघितला.

त्या रविवारी ग्रुपवर काकांचा फोटो आला नाही. संदेश आला. ‘किसी के पास अबोली है? हमारी वाली?’

मालिनीदीदींनी लिहिलं, ‘काकाजी, आपने सब दिया. वही नहीं दी.’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी नर्सरीतून अबोली आणली. काकांनी कुंडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. “छान आहे,” म्हणाले. “खाली तुमच्याकडेच ठेव.”

मार्चमध्ये काकूंच्या बटणांच्या डब्यात त्यांना एक पुडी सापडली. आत अबोलीची सुकलेली कणसं होती. काकांनी ती ताटात ठेवली आणि वर पाणी शिंपडलं. अबोलीची कणसं ओली झाली की तडतडतात आणि बी उडतं. आम्ही ताटावर वाकून बसलो. पुष्कळ वेळानं एक तडकलं. मग दोन. सगळं मिळून सहा बिया.

“काकूंच्या हातच्या आहेत,” मी म्हणाले.

“म्हणजे चार वर्षांच्या,” काका म्हणाले. “निदान.”

त्यांनी त्या दह्याच्या डब्यात पेरल्या. रोज सकाळी चष्म्यावर भिंग धरून माती बघायचे. पंधरा दिवस. महिना. मी रोज विचारायचे. मग विचारणं बंद केलं. ग्रुपवर डहेलिया आले, गेले. बेला आला. काकांनी एकही फोटो उघडला नाही. बाकीच्या कुंड्या त्यांनी एकेक करून वाटून टाकल्या. ‘मालिनी’ मालिनीदीदींकडे परत गेली. त्या रडल्या. काका म्हणाले, “अरे, अपना ही माल ले जा रही हो.”

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. दुपारी ते तोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. मी चारदा विचारलं, कधी. जणू त्यानं काही फरक पडणार होता.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर गेले. कुंड्यांच्या गोल खुणा होत्या. टाकीच्या सावलीत दह्याचा डबा होता. माती भेगाळलेली, वर काही नव्हतं. शेजारी रबर लावलेल्या सहा नव्या काड्या. ‘पान दिसल्याशिवाय काडी लिहायची नाही,’ असं ते मला नेहमी बजावायचे.

सहाही काड्यांवर देणाऱ्याचं नाव एकच होतं. चारुलता. उलट बाजूला घेणाऱ्यांची नावं. पहिलं मालिनीदीदींचं. शेवटचं माझं, अनन्या.

तारखेची जागा सहाही काड्यांवर कोरी होती.