सासऱ्यांचा काढा

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मी सासऱ्यांचा खोकल्याचा काढा चहा समजून प्यायलो, आणि वर आणखी मागून घेतला.

आज बायकोने अडुळशाची पानं सुंठ-गुळात उकळायला ठेवली आणि त्या उग्र, हिरवट वासाने मला थेट सासुरवाडीच्या, काष्टीच्या त्या चुलीपुढे नेऊन बसवलं. थंडीची सकाळ होती. सासूबाईंनी पेला भरून चुलीशेजारी ठेवला होता, तो मी बिनदिक्कत उचलला. पहिलाच घोट जिभेला कडू लागला. मला वाटलं, म्हैस आटली असेल, म्हणून कोरा चहा केलाय. यांना ओशाळं वाटू नये म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, “फक्कड झालाय. अजून आहे का?”

सासूबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, पदर सारखा केला. “हाय की, घ्या,” म्हणाल्या आणि उरलासुरला सगळा माझ्या पेल्यात ओतला. नव्या जावयाला नको कोण म्हणणार?

तेवढ्यात सासरे दाराची चौकट धरून खोकत आत आले. ओढ्याकाठची पानं पहाटे त्यांनीच खुडून आणली होती. “झाला का गं काढा?”

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. पातेल्यात नुसता चोथा. पेला लपवायलाही मला जागा सापडेना. मी त्यांची गरिबी झाकायला निघालो होतो, आणि माझा अडाणीपणा मात्र ती बाई मुकाट्याने झाकत होती, हे आज आठवलं तरी कान तापतात.

सासऱ्यांनी खोकल्याची उबळ जिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पावनं, औषद तर पिलंत. आता जाताना खोकला बी घेऊन जा.”