झाडाला टांगलेला डबा

आमची ही गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सनं पोराला फोनवर सांगितलं, "शी इज ग्रँड." या देशात सगळंच ग्रँड, म्हणजे झकास, असतं. पाऊस आला, ग्रँड. बस चुकली, ग्रँड. चहाचं गढूळ पाणी झालं तरी ग्रँड. सकाळी दुसरा फोन आला तेव्हा मात्र कुणी तो शब्द वापरला नाही, एवढी मेहेरबानी.

मी एसटीच्या डेपोत टायर फिटर होतो. शिकलो सातवीपर्यंत, तेही ढकलत ढकलत, त्यामुळं मला नटवून सांगता येत नाही. दोन हजार एकोणीसची दिवाळी करून आम्ही दोघं कऱ्हाडहून लिमरिकला पोराकडं आलो. सहा महिने राहायचं, नातीचे लाड करायचे, परत जायचं. पोरगा हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मार्चमध्ये रोगराई आली, विमानं बंद झाली, आणि सप्टेंबरात ही हृदयानंच गेली. पोराच्या नळ्या काही कामाला आल्या नाहीत. त्याला मी हे एकदा बोलून दाखवलं. बोलायला नको होतं, पण बोललो.

आपल्याकडं तिसऱ्या दिवशी राख सावडतात, आपल्या हातानं अस्थी वेचतात. इथं आठवड्यानं एक डबा मिळाला. हिरवा, प्लॅस्टिकचा, वर झाकण, झाकणावर इंग्रजीत छापलेली चिठ्ठी. उघडून बघितलं तर आत करडी पिठी. चक्कीतून काढल्यासारखी. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं यांनी पीठ करून दिलं, वर सही घेतली.

सूनबाईनं डबा जिन्याखालच्या कपाटात ठेवला. हे लोक आता इथल्यांसारखं कपाटाला प्रेस म्हणायला लागलेत. मी घर डोक्यावर घेतलं. "अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, एवढंही तुम्हाला कुणी शिकवलं नाही का? अस्थी झाडाला बांधतात!" ती बिचारी रडली. मी डबा धडप्यात गुंडाळला, वर दुकानाची पिशवी घातली आणि मागच्या परसातल्या सफरचंदाच्या झाडाला टांगला. विमान सुरू झालं की न्यायचा, कृष्णा-कोयनेच्या संगमावर सोडायचा. माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

परसाच्या पलीकडं लाकडी कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडं एक सोमाली म्हातारी. तिची पोरगी लढाईतून पळून इथं आली, कागदपत्रं झाल्यावर तिनं आईला आणवलं. ही म्हातारी भातावर केळं कुस्करून खाते. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आठवडाभर मला केळं गेलं नाही. आमची ही मात्र पहिल्याच महिन्यात तिच्याशी बोलायला लागली. ही आपली मराठीत, ती आपली सोमालीत. मधेमधे म्हातारीचं मोडकं हिंदी, कारण तिच्या तरुणपणी तिच्या गावात थेटरांत हिंदी सिनेमे लागायचे. तासतासभर चालायचं. मी खिडकीतून बघून म्हणायचो, "दोन बहिऱ्यांचा तमाशा."

"तुमच्याशी बोलण्यापरीस बरं," ही म्हणायची. "ती मान तरी हलवती."

दोघींची डब्यांची देवघेव होती. ही कांदाभजी पाठवायची. म्हातारी त्याला बाजिये म्हणायची, तिच्याकडंही चवळी वाटून तसलंच काही करतात म्हणे. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपल्याकडची रीत, ती तिच्याकडचीही निघाली. त्यामुळं एकच स्टीलचा डबा वर्षभर कुंपणावरून येरझाऱ्या घालत होता, कधी रिकामा नाही.

ही गेल्यावर त्या म्हातारीनं पोरीकरवी विचारलं, कबर कुठं आहे, जायचं आहे. पोरगा गडबडीत म्हणाला, सध्या कुठंच जायला बंदी आहे. तेवढ्यावर विषय मिटला.

हिवाळ्यात एके दिवशी मी परसात उभा होतो. मागून हाक आली, "आवं!"

हिचीच हाक. शेवट तसाच वर उचललेला. वळून बघतो तर कुंपणावरून म्हातारी. "आवं, च्या घ्या," म्हणाली आणि कप पुढं केला. ही मला वर्षभर "आवं" म्हणून हाक मारत होती, तर त्या बाईला वाटलं ते माझं नावच आहे. कपातल्या चहात दालचिनी, वेलची आणि खंडीभर साखर होती. मी उभ्याउभ्या प्यालो, कप कुंपणावर ठेवला आणि आत गेलो. नात म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड, आबा?" मी म्हणालो, "काही नाही." तिला मराठी सगळं समजतं, तोंडातून मात्र इंग्रजीच येतं, तेही इथल्या हेलात. आजीचं बोलणं आजीच्या चालीत बोलणारं माणूस घरात नव्हतं. ते कुंपणापलीकडं होतं.

मग मी रोज जायला लागलो. सांगितलं तर पोरगा हसेल म्हणून म्हणायचो, झाड बघून येतो.

याच दिवसांत घरात दर रविवारी कॉम्प्युटरवर मराठी मंडळींचा मेळा भरायचा. चौकोनांत डोकी. एक किलकेनीचा डॉक्टर, एकाचं ऑफिस बॉल्सब्रिजला, बाकी सगळे कॉम्प्युटरवाले. प्रत्येकानं सांगायचं, घरची काय आठवण येते. एक म्हणाला, कोपऱ्यावरचा वडापाव. एकीला कांदा-लसूण मसाला संपल्याचं दुःख, तेही डोळे पुसत. एक म्हणाला, "मातीची ओढ असते हो." त्याच्या मागं भिंतीवर सायकल टांगली होती, माझ्या अख्ख्या फंडापेक्षा महाग असेल. पोरगा म्हणाला, "आबा, तुम्ही बोला ना दोन शब्द."

मी म्हणालो, "एवढी ओढ आहे तर जावा की. कुणी धरलंय? रोगराई आज आली. त्याच्या आधी दहा वर्षं कोणती दोरी बांधली होती? भरल्या पोटी भुकेचं गाणं म्हणताय."

कुणी हलेना. मग तो मातीच्या ओढीवाला म्हणाला, "आबा, आवाज येत नाहीये." येणार कसा? पोरानं माझा आवाज बंद केला होता.

म्हातारीला मी ही गोष्ट मोडक्या हिंदीत सांगितली. ती हसली आणि बाजूला थुंकली. तिच्या पोरीच्या फोनवरही तेच चालतं म्हणाली. दिवसभर लोक लांबलांब बोलणं भरून पाठवतात. आमचा समुद्र, आमचे उंट, आमच्या कुळाचं मोठेपण. उंट कुणी पाळला नाही त्यांतल्या एकानंही.

"तुम्हारा घर?" मी विचारलं.

"मेरा घर में दूसरा आदमी सोता," ती म्हणाली. "एक ने फोटो भेजा. दीवार हरा कर दिया. हरा!" घर गेलं, नवरा गेला, गाव गेलं, ते ती सपाट आवाजात सांगायची. हिरव्या रंगाचं नाव निघालं की मात्र कुंपणाच्या फळीवर हात आपटायची. "मैंने सफेद किया था. अपना हाथ से, चूना." मग नातवंडांकडं बोट करून म्हणायची, "ये मेरा घर का गोरा लोग. मेरा बात समझता, जवाब इंग्लिश."

मी म्हणालो, "आमच्याकडंही तसलंच एक आहे."

माझ्या घराची गोष्ट मी तिला सांगितली नाही. पुतण्याचा फोन आला होता. कऱ्हाडच्या घरात त्यानं सिमेंटची पोती ठेवली होती, आता स्वयंपाकघर वापरू का विचारत होता. विचारत म्हणजे वापरायला लागलाच होता, मागं कुकरची शिट्टी ऐकू आली मला. मी म्हणालो, वापर. हिची भांडी ठेवायची फळी होती तिथं. तरी मी डबा तिकडंच न्यायचा धरून बसलो होतो. भिंतीला अजून हिरवा रंग दिला नव्हता, एवढाच काय तो फरक.

दोन हजार एकवीसचा उन्हाळा आला तरी विमानाचा भरवसा नव्हता. तिकडं तर चिता लावायला जागा नाही अशा बातम्या. एका गुरुवारी पोरानं सांगितलं, "आबा, येत्या रविवारी इथल्या शॅनन नदीत विसर्जन करू. पुण्याचे गुरुजी ऑनलाइन मंत्र सांगतील. शेवटी सगळं पाणी समुद्रालाच मिळतं."

"संडासचं पाणीबी समुद्रालाच मिळतं," मी म्हणालो. "त्यात टाकतोस का आईला?"

पण तो मागं हटला नाही. माझंच रक्त. "झाडावर किती दिवस ठेवायचं? मला रोज खिडकीतून दिसतं ते. मला जेवण जात नाही, आबा. रविवारी करायचं म्हणजे करायचं."

शनिवारी सकाळी सगळे बाजाराला गेले. मी डबा झाडावरून उतरवला, वरची भिजकी पिशवी आणि धडपं काढलं आणि कुंपणावरून म्हातारीच्या हातात दिला. "रखो," म्हणालो. "दो-चार दिन. बोलना नहीं." वाटलं, रविवार टळू दे, पुढचं पुढं. म्हातारीनं दोन्ही हातांनी घेतला, हसली आणि म्हणाली, "बाजिये?" मी काय सांगू? मान हलवली.

अर्ध्या तासात आरडाओरड ऐकू आली. ती तिच्या पोरीची. तिनं डबा ओट्यावर बघितला आणि झाकणावरची इंग्रजी चिठ्ठी वाचली. मी परसातच उभा राहिलो. पळून जाणार कुठं?

म्हातारी बाहेर आली. डबा छातीशी धरलेला, तिच्या शालीत गुंडाळलेला. कुंपणाशी येऊन तिनं माझ्याकडं असं बघितलं की डेपो मॅनेजरनंही कधी बघितलं नसेल.

"जलाया?" ती म्हणाली. "औरत को जलाया?"

"हमारे में ऐसाच करते."

"मैं रोज दुआ किया. सोचा मिट्टी में है. सोती है." मग तिनं झाडाकडं बोट केलं. "वो थैली? मैं बोला, आवं चिड़िया को दाना देता. अच्छा आदमी." इथले लोक पाखरांसाठी दाण्याची पिशवी झाडाला टांगतात, तिला वाटलं तशीच ती आहे. सगळा हिवाळा ती माझ्या दयाळूपणाचं कौतुक करत होती.

"अस्थी घरात आणत नाहीत," मी मराठीतच म्हणालो. "रीत आहे."

ती ऐकत नव्हती. तिनं हिचा आवाज काढला. खांदे आखडून, हात काखेत घालून, अगदी ही उभी राहायची तशी. "लई थंडी. आवं, लई थंडी. रोज बोलती! दो स्वेटर पहनती! तू उसको झाड पे? बारिश में? बर्फ में?" मग सोमालीत बरंच काही बोलली. त्यातला शब्दही कळला नाही. हिनं गेल्या चाळीस वर्षांत मला जे जे ऐकवलं ते सगळं त्यात असणार.

जाळलेलं तिला पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. पण तिनं डबा कुंपणावर आपटून दिला नाही. आत गेली, आली. डब्याच्या झाकणावर काचेची बशी, बशीत सात-आठ खजूर. रिकामं परत करायचं नाही. शाल तशीच राहू दिली आणि म्हणाली, "आत न्या." हे मात्र मराठीत. पाऊस लागला की ही मला असंच वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल ओरडायची.

मी आत नेला. आमच्या खोलीत, पलंगाच्या हिच्या बाजूला, हीटरजवळच्या स्टुलावर ठेवला. बाजारातून आल्यावर सूनबाई दारातच थबकली. "आबा, अस्थी घरात? तुम्हीच तर…"

"मी गाढव होतो," म्हणालो. "तू बरोबर ठेवला होतास. फक्त कपाट थंड होतं."

नातीनं वाकून हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवली.

रविवारी पोरगा गाडीची किल्ली घेऊन आला. मी म्हणालो, "तुझ्या गुरुजींना सांग, काम रद्द. ती थंड पाण्यात जाणार नाही. तुझ्या शॅननमध्ये नाही आणि माझ्या कृष्णेतही नाही."

"मग काय कायम खोलीत?"

"मी आहे तोवर. नंतर मलाही जाळ, दोघांचं पीठ एक कर आणि ओत कुठं ओतायचं तिथं. मोरीत ओत. मी बघायला येत नाही."

तो पलंगावर बसला. मग त्यानं शालीचं एक टोक खाली लोंबत होतं ते वर खोचलं आणि एक खजूर तोंडात टाकला. "कुणाचे हे?" म्हणाला. त्याच्या आईनं वर्षभर त्या घरात डबे पाठवले आणि यानं विचारलं, कुणाचे हे.

बशी परत करायची होती. रिकामी कशी देणार? सोमवारी मी जन्मात पहिल्यांदा भजी तळली. बेसन किती, पाणी किती, ओवा कुठं ठेवलाय, काही ठाऊक नाही. टायरला पॅच मारणं सोपं. पहिला घाणा काळा झाला, दुसरा आतून कच्चा. तिसरा बशीत घातला आणि कुंपणाशी गेलो.

म्हातारीनं एक उचललं, चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आवं," म्हणाली. "मीठ न्हाई."